उघड्या डोळ्यांनी घेतलेली नावं

पूल अर्धा ओलांडून झाला होता. काचताई कठड्याला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "दादाचे डोळे आधी दाखवायला हवेत गं."

डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्ही चालतच निघालो होतो. बस समोर उभी होती, पण पाटी वाचायला गेली तर तिला आकडाच दिसेना. तशी म्हणाली, "चालत जाऊ. पायांना अजून दिसतंय." एरवी असं काही बोलली की स्वतःच आधी हसते. आज हसली नाही.

"तुझं काय करायचं ते आधी बघू," मी म्हणाले.

"माझं झालं बघून. जळलंय ते जळलंय म्हणाल्या ना डॉक्टर. थोडंफार भरून आलं तर आलं. पण दादा माझ्याही आधीपासून सूर्याकडे बघतोय. तो सगळ्यांत पुढे, आम्ही मागे. माझं हे झालं तर त्याचं काय झालं असेल? आणि तो सांगणार नाही कुणाला. आम्ही लहान असताना पायात खिळा घुसला तरी बोलला नव्हता."

एवढं बोलली आणि रडायला लागली. दवाखान्यात स्वतःच्या डोळ्यांसाठी तिने एक टिपूस काढलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात मी पुढे काउंटरवर असते, ती मागे. गिऱ्हाइकाला वाटतं चष्मा मीच दिला, कारण आरसा धरून "शोभतोय हो तुम्हाला" असं मी म्हणते. पण चष्मा घडतो मागच्या खोलीत. काच येते ती गोल, तळहाताएवढी. नंबर काढायच्या यंत्राखाली धरून तिचा मध्य शोधायचा, तिथे शाईचा बारीक ठिपका द्यायचा आणि तो ठिपका माणसाच्या बाहुलीसमोर नेमका येईल अशा बेताने काच फ्रेमच्या आकारात घासायची. ठिपका जरा सरकला की माणसाचं डोकं दुखतं, जिना उतरताना पायरी चुकते. घासायच्या चाकावर सतत पाण्याची धार असते, त्यामुळे तिचा एप्रन ओला आणि बोटांची टोकं पांढरी पडलेली. मालकांपासून सगळेच तिला काचताई म्हणतात. मला ती काउंटरबाई म्हणते.

एकदा मी मागे जाऊन तिला म्हणाले, "काचताई, ते गृहस्थ परत आलेत. नव्या चष्म्यातून बायको लांब दिसते म्हणतात."

चाकावरून मान न उचलता म्हणाली, "मग नंबर बरोबर आहे."

काचताईने लग्न केलं नाही. दादाच्या घरी राहिली, त्याची मुलं मोठी केली, मुलं मोठी झाल्यावर दुकानाजवळ एक खोली घेऊन वेगळी झाली. भांडण नाही, तंटा नाही. "दोन बायकांना एक स्वयंपाकघर पुरत नाही, आणि वहिनी मला आवडते, म्हणून निघाले," असं म्हणायची.

लहानपणी ती फार अशक्त होती. दोन जिने चढली की श्वास लागायचा, वर्षातला निम्मा वेळ अंथरुणात. आई-वडील दोघंही कामावर. दादा तिच्याहून बराच मोठा. तो पहाटे तिला खांद्यावर घालून गच्चीवर न्यायचा आणि सूर्याची नावं म्हणायला लावायचा. एका नावाला एक नमस्कार. बारा नावांचे बारा नमस्कार तिच्याच्याने कुठले व्हायला! तो म्हणायचा, "मित्राय म्हण, वाक, आणि बस खाली. जमलं की रवये घेऊ." अशी एकेक नाव करत ती चढत गेली. हिरण्यगर्भाय म्हणताना दम लागायचा, म्हणून तिथे बरेच दिवस अडकली होती. "माझी गाडी हिरण्यगर्भापाशी पंक्चर झाली होती," असं सांगायची. बारावं नाव उभ्या उभ्या, न धापता घेतलं त्या दिवशी दादाने तिला खांद्यावर न घेता जिन्यावरून चालवत खाली आणलं.

"प्राण सूर्याने दिले असतील," ती म्हणायची, "पण माझ्यापर्यंत आणून दिले दादाने."

हे तिने मला एकदा नाही, अनेकदा सांगितलं आहे. म्हणून पुढचं जे झालं ते मला तिच्या जागी उभं राहून बघवत नाही.

दादा पुढे शाळेत कवायतीचे सर झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मंडळ सुरू केलं. आधी शेजारचे दोघं-तिघं, मग गल्लीतले, मग लांबून चालत येणारेही. कुणाची साखर, कुणाचे गुडघे, कुणाला झोप नाही. सर पुढे कठड्यापाशी सूर्याकडे तोंड करून उभे राहायचे, सगळ्या रांगा त्यांच्या पाठीमागे. आवाज मैदानावरचा, खणखणीत. ते नाव घ्यायचे, मागून सगळे घ्यायचे. त्यांनीच नियम घातला होता की सूर्य पाण्याच्या टाकीआडून वर आला की नावं संपेपर्यंत त्याच्याकडे एकटक बघायचं. "पापणी लवली की नाव वाया गेलं समजा," असं ते म्हणायचे.

मला ते पटायचं नाही. मी नावं घरीच घेते, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे सूर्य थेट दिसत नाही, समोरच्या भिंतीवर पडलेलं ऊन दिसतं. मला तेवढं पुरतं. काचताईला मी एकदा म्हणाले होते, "देवाकडे असं रोखून बघतात का गं? तुमच्या आईने बघितलं होतं का कधी?"

"आई मान खाली घालायची," ती म्हणाली. "पण दादाने काही विचार केला असेलच ना!"

मंडळात नवीन माणूस आलं की सर काचताईला पुढे बोलवायचे. "ही माझी बहीण. दिवसभर काचेवर बारीक काम करते. नजर बघा तिची. हे सगळं सूर्याचं देणं." ती लाजायची, पण त्या दिवशी दुकानात येताना चाल वेगळी असायची. तिच्या खोलीसमोरच्या शिंपिणीला तिनेच मंडळात नेलं. त्या बाईला सुईच्या कामाने डोळे दुखायचे. काचताई तिला म्हणाली होती, "पहिले काही दिवस पाणी येतं, मग डोळ्यांना सवय होते."

मग एका दुपारी ती हातात काच घेऊन पुढे काउंटरवर आली.

"हिच्यावर ठिपका आहे का बघ."

"आहे की. हा काय!"

"मला दिसत नाही. बाजूला बघितलं की दिसतो, त्याच्याकडे बघितलं की पळतो. लपाछपी खेळतोय मेला."

तिने दिव्याचा बल्ब बदलला, शाई बदलली. मग माणसांचे चेहरे तसे व्हायला लागले. समोर बोलणाऱ्याचे कान दिसायचे, शर्टाची कॉलर दिसायची, मधलं तोंड धुक्यात. तिने दादाला गच्चीवर गाठून सांगितलं. दादा म्हणाले, "आतला मळ बाहेर पडतोय. आता सोडू नकोस. उलट थोडं जास्त बघ."

ती जास्त बघायला लागली.

महिनाभराने तिच्या हातची एक काच चुकली. मग दुसरी. मालक तिला काही बोलले नाहीत. दोन्ही काचा माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "उद्या दुकानात येऊ नका दोघी. हिला डॉक्टरकडे घेऊन जा."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, थांबल्या, पुन्हा तपासलं. मग विचारलं, "सूर्याकडे कधी बघितलंत का? ग्रहण वगैरे?"

"रोज बघते," काचताई म्हणाली. रोज फिरायला जाते असं कौतुकाने सांगावं तशी म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

तर अशा आम्ही पुलावर होतो, आणि तिला दादाच्या डोळ्यांची काळजी लागली होती. पूल उतरून टायरच्या दुकानांवरून उजवीकडे वळलं की त्यांची इमारत. "त्याच्या घरावरूनच जाऊ," ती म्हणाली. "त्याला आजच्या आज सांगते. चिडला तर चिडू दे. उचलून नेते की नाही बघ डॉक्टरकडे."

दार वहिनींनी उघडलं. "अगंबाई, वन्सं! या उन्हात? आणि तुम्हीपण? बसा, बसा. हे भाजी आणायला गेलेत, येतीलच."

वहिनी चांगल्या आहेत. बोलायला लागल्या की पंखा लावल्यासारखं होतं एवढंच. चहा टाकता टाकता काचताईच्या डोळ्यांची चौकशी केली, हळहळल्या. काचताईने विचारलं, "वहिनी, दादाला दिसतं ना नीट? मध्येच काही गायब होतं, काळं दिसतं, असं म्हणतो का कधी?"

"यांना? यांच्या डोळ्यांना काय धाड भरलीय! या वयात सुईत दोरा स्वतः ओवतात, मला देत नाहीत. आणि जपतात किती! गच्चीवरसुद्धा मिटून घेतात अगदी घट्ट. मी त्या पलीकडच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालते ना, तिथून दिसतात मला. लहान मूल औषध पिताना कसं मिटतं, तसे!" त्या हसल्या. "मागे झाला होता ना त्रास, तुम्हाला आता झालाय अगदी तसाच. मध्यभागी काही दिसायचं नाही. डॉक्टर काय ओरडले होते! तेव्हापासून सूर्यासमोर उघडतील तर शपथ."

काचताईच्या हातात कप होता. तिने बोटांनी बशीची कड चाचपली आणि कप अगदी मधोमध ठेवला.

"कधी झालं होतं हे?"

"झाली की बरीच वर्षं. मंडळ नुकतंच सुरू झालं होतं." मग वहिनींनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. "का हो? सगळेच मिटत असतील ना?"

मला उठून जावंसं वाटत होतं. दुसऱ्याच्या घरातलं काही फुटत असताना आपण सोफ्यावर बसून राहायचं, यासारखी अडचण नाही.

सर आले. भाजीची पिशवी दारात टेकवत म्हणाले, "काय गं, डोळे कसे आहेत?"

"जळलेत म्हणाल्या डॉक्टर. मध्यभागी." काचताईचा आवाज सरळ होता. "वहिनी सांगत होती, तुझं कसं बरं झालं ते."

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी गॅसकडे वळल्या, गॅस बंद होता तरी.

"दादा, तू डोळे मिटून नावं घेतोस?"

"अगं, नाव महत्त्वाचं. डोळ्यांचं काय एवढं..."

"मग पापणी लवली की नाव वाया, हे कोण म्हणतं?"

ते खुर्चीवर बसले. कवायतीच्या माणसाची पाठ असते तशी त्यांची पाठ आहे, बसतानाही वाकत नाही. त्या दिवशी वाकली. "लोक यायला लागले होते. त्यांना मीच सांगितलेलं, मीच कसं मोडू? आणि तुला काही होत नव्हतं. खरं सांगतो, मला वाटलं तुझी श्रद्धा माझ्यापेक्षा पक्की आहे. मला झालं, तुला होणार नाही. तुला सूर्य सांभाळील."

"आणि मी ठिपक्याचं सांगायला आले तेव्हा?"

सर बाहीची घडी सारखी करायला लागले.

"तेव्हा तुला कळलं होतं, दादा. त्याच क्षणी कळलं असणार."

"माझा त्रास आपोआप गेला होता. वाटलं, तुझाही जाईल."

"तुझा गेला, कारण तू डोळे मिटलेस. मला काय म्हणालास? जास्त बघ म्हणालास."

"तोंडातून गेलं गं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंडळी शेजारी उभी होती. त्यांच्यासमोर काय सांगणार?"

काचताई त्यांच्याकडे बघत होती. म्हणजे तोंड त्यांच्या दिशेला होतं. मग तिने मान थोडी वळवली, बाजूने तरी ते दिसावेत म्हणून. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. तसं तिने दोन-तीनदा केलं आणि नाद सोडला.

"मंडळी खाली गेल्यावर सांगायचंस," ती म्हणाली. "माझ्या खोलीवर यायचंस. तू मला आजारपणात खांद्यावरून नेलंस, तुला माझ्या खोलीपर्यंत यायला काय रे जड झालं?"

वहिनी रडायला लागल्या. सर उठले, खिडकीशी गेले, परत आले. मला वाटलं, आता बहिणीचा हात धरतील. धरला नाही. म्हणाले, "हे गच्चीवर बोलू नकोस एवढं कर. माझं जाऊ दे, पण लोक मंत्रालाच नावं ठेवतील. आईकडून आलेलं आहे ते. मी हळूहळू सांगेन सगळ्यांना मिटायला. ऊन वाढलंय, असं म्हणेन."

मला राहवलं नाही. "सर, आणि तोवर? उद्या सकाळी तुमच्या मागे उभे राहणार त्यांचं काय?"

"तुम्ही यात पडू नका," ते म्हणाले.

काचताईने दारात वाकून चपला चाचपल्या, घातल्या आणि जिना उतरायला लागली. कठडा धरून, पायरीच्या कडेला अंगठा लावत. मागून वहिनी "वन्सं, अहो वन्सं" करत होत्या. सरांची हाक आली नाही.

पुढचा रस्ता मला फार लांब वाटला. दुपार उतरली होती. टायरवाला पंक्चरसाठी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, शाळा सुटलेली मुलं आमच्या मधून पळत होती. मी काहीबाही बोलत राहिले. मालकांना सांगून तिला चाकावरून काढून काचांना झिलई द्यायच्या कामावर बसवता येईल, ते हाताच्या स्पर्शाने होतं, वगैरे. ती हो हो करत होती. दुकानाच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "मी मूर्ख आहे का गं?"

"नाहीस."

"काच उन्हात धरली की कागद जळतो, हे पोराटोरांना ठाऊक असतं. माझा तर धंदा काचेचा. डोळ्यातही काचच असते ना! एवढं माझ्या डोक्यात आलं नाही?"

"दादा पुढे उभे होते, म्हणून आलं नाही."

तिने मान हलवली. जरा पुढे जाऊन म्हणाली, "उद्या सकाळी मी काय करू?"

"नावं घे," मी म्हणाले. "माझ्याकडे ये. खिडकीशी उभ्या राहू, मान खाली घालू, आणि घेऊ. देवाचं नाव कुणा माणसामुळे खोटं ठरत नाही." मी हे तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले नाही. मी तसंच मानते.

"घेईन गं. पण पहिलं नाव तोंडात आलं की दादाचा आवाज येतो. मित्राय म्हण आणि बस खाली. सगळी नावं मी त्याच्याच आवाजात शिकले. दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ती येतच नाहीत."

रस्ता ओलांडायला मी तिचा हात धरला.

तिच्या खोलीपाशी आलो. समोर शिंपिणीचं दुकान. ती दारात बसून काज करत होती, सुई डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. आम्हाला बघून तिने हात केला. मी केला, काचताईने केला नाही. तिला दिसलं नसावं. मी सांगितलं तेव्हा तिने हात केला, थोडा चुकीच्या बाजूला.

"ती उद्या जाणार गच्चीवर," काचताई म्हणाली.

"हो. जाईलच."

ती किल्ली कुलपाला लावून उभी राहिली. किल्ली आत जात नव्हती. मी हात पुढे केला तर तिने बाजूला सारला, बोटाने भोक शोधलं आणि कुलूप काढलं. दार उघडून आत गेली नाही. माझ्याकडे वळली.

"उद्या तू गच्चीवर जा. मी नाही येणार. त्याच्यासमोर माझी जीभ वळायची नाही. नावं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांग, काचताईचे डोळे गेलेत आणि ते कशाने गेलेत. माझं नाव घेऊन सांग. मंत्राला एक अक्षर बोल लावू नकोस. डोळे मिटून म्हणा म्हणावं."

"आणि सरांचं?"

"तो मिटायचा, हे सांग. कधीपासून तेही सांग. काही झाकू नकोस." तिचा हात दारावर होता. "आणि नुसती सांगून परत येऊ नकोस. सांगताना दादाकडे बघ. त्याचं तोंड कसं झालं होतं, ते मला येऊन सांग."